कॉफीच्या गावात कॉफी सोडताना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात चिखलदरा येथे रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



व्यवस्थापकाने वार्षिक मेळाव्यात जमा-खर्चाविषयी बोलावे, असा संकेत आहे. यंदाचा ताळेबंद याच अहवालात छापलेला असल्याने तो वाचून दाखवून मी आपला वेळ घेत नाही. मात्र ज्या खर्चाचे मोल ताळेबंदात दिसत नाही, अशा एका गोष्टीविषयी आज चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी अध्यक्षांकडून घेतली आहे. विषय आहे कॉफीचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. म्हणून हे भाषण आपल्या डॉक्टरांकडून आधी तपासून घेतले आहे. त्यातील हिशेबी दृष्टी तेवढी माझी.

चिखलदऱ्यात उभे राहून कॉफी सोडण्याविषयी बोलणे म्हणजे नागपुरात जाऊन संत्र्याविरुद्ध बोलण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरील हे गाव महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून ओळखले जाते. इंग्रजी अमदानीत येथे कॉफीची रोपे आली आणि सातपुड्याच्या या रांगेतील गारवा, पाऊस आणि झाडांची सावली त्यांना मानवली. गाविलगड किल्ला, भीमकुंड आणि देवी पॉइंट पाहून झाल्यावर पर्यटक कॉफीचे एखादे पाकीट घेऊन घाट उतरतो. या कॉफीवर येथील काही कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तेव्हा आरंभीच स्पष्ट करतो की, हे भाषण कॉफीवर बहिष्कार घालण्यासाठी नाही. ज्यांच्या प्रकृतीला कॉफी मानवते त्यांनी ती अवश्य घ्यावी, आणि घ्यायचीच तर येथल्या मातीतली घ्यावी.

कॉफीवर उगाच बालंट घेण्याचेही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात कॉफीला संशयितांच्या यादीत बसवले होते. पुढे जमा झालेला पुरावा तपासून त्याच संस्थेने २०१६ साली तो संशय मागे घेतला. त्याच वेळी तिने सांगितले की, पासष्ट अंशांहून अधिक तापमानाचे कोणतेही पेय घोटण्याची सवय अन्ननलिकेला घातक ठरण्याचा संभव आहे. म्हणजे दोष पेयाचा नसून चटक्याचा आहे. सुदृढ प्रौढ माणसाने दिवसातून दोन-तीन कप कॉफी घेतली तर भिण्यासारखे काही नाही.

मग कॉफी सोडावी कोणी? आपल्या रुग्णालयात येणाऱ्या ज्या मंडळींना डॉक्टर हा सल्ला देतात, त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग सांगता येतील.

पहिला वर्ग निद्रानाश, धडधड आणि अकारण धास्ती यांनी त्रस्त असलेल्यांचा. कॉफीतील कॅफिन हे द्रव्य शरीरातून एकदम निघून जात नाही. आम्ही हिशेबनीस यंत्रसामग्रीवर घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा काढतो. कॅफिनचा घसाराही तसाच चालतो. निरोगी प्रौढाच्या शरीरात साधारण पाच तासांनी ते निम्मे उरते. दुपारी चार वाजता शंभर मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेले, तर रात्री नऊ वाजता पन्नास आणि पहाटे दोन वाजता पंचवीस मिलिग्रॅम खात्यावर शिल्लक असते. झोप येत नाही म्हणून गोळी मागणाऱ्या माणसाला आपले डॉक्टर आधी संध्याकाळच्या पेयाविषयी विचारतात, त्यामागे हे गणित आहे.

दुसरा वर्ग आम्लपित्ताचा. कॉफीने जठरातील आम्ल वाढते आणि काहींच्या बाबतीत ते वर घशाकडे येऊ लागते. आपल्याकडे एकादशीच्या, चतुर्थीच्या किंवा नवरात्राच्या उपवासाला कॉफी चालते, म्हणून रिकाम्या पोटी दिवसभरात चार-पाच वेळा ती घेतली जाते. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी छातीत जळजळ होते म्हणून बाह्यरुग्ण विभागात येतात. उपवासाचे पुण्य आपल्या पदरी पडते आणि त्याचा भुर्दंड जठर भरते, असे म्हणण्याची वेळ येते.

तिसरा वर्ग नियमित औषधे घेणाऱ्यांचा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते. ती कॉफीबरोबर घेतली तर पुरेशी शोषली जात नाही. गोळी आणि कॉफी यांत अर्ध्या ते एका तासाचे अंतर हवे. रक्तदाब मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात कॉफी घेतली तर आकडा वाढलेला दिसू शकतो, आणि त्या आकड्यावर औषधाची मात्रा ठरण्याचा धोका असतो. गाळणकागदातून न गाळलेली, उकळून केलेली कडक कॉफी रोज घेतल्यास कोलेस्टेरॉल वाढते, हे हृदयरुग्णांनी ध्यानात ठेवावे.

चौथा वर्ग मात्र असा आहे की, केवळ त्याच्यासाठी मी आज हा विषय निवडला. तो आहे रक्तक्षय असलेल्या आणि गरोदर भगिनींचा.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्राचा आकडा होता ५४.२ टक्के. मेळघाटचे नाव १९९३ पासून कुपोषणाच्या संदर्भात साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले, आणि आपल्या रुग्णालयाकडे येणाऱ्या रुग्णांत चिखलदरा व धारणी या दोन्ही तालुक्यांतील माता आहेत. त्यांना लोहाच्या गोळ्या मिळाव्यात म्हणून शासनाचा कार्यक्रम आहे आणि आपल्या देणग्यांतूनही आपण त्यात भर घालतो. गोळी वाटली की आमच्या नोंदवहीत ती खर्ची पडते. पण वाटलेली गोळी आणि रक्तात मुरलेले लोह ही दोन स्वतंत्र खाती आहेत. पहिल्या खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात पुरती जमा होतेच असे नाही, आणि मधल्या मधे होणाऱ्या गळतीत चहा-कॉफीचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतल्यास त्या जेवणातील लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले. कॉफीऐवजी चहा घेतला तेव्हा ते ६४ टक्क्यांनी घटले. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही नुकसान झाले नाही, परंतु जेवणानंतर एका तासाने घेतलेल्या कॉफीने जेवणाबरोबर घेतल्याइतकेच नुकसान केले. कारण अन्न तेव्हाही जठरातच असते, आणि कॉफी व चहातील तुरट द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. आपण आपल्या रुग्णांसाठी जेवणानंतरचे अंतर दोन तासांचे धरतो.

यातून एक गोष्ट निघते, ती नातेवाइकांनी विशेष लक्षात ठेवावी. डॉक्टरांनी कॉफी बंद केली म्हणून त्याच वेळी चहा देणे हा पर्याय नव्हे. झोपेच्या दृष्टीने चहा थोडा सौम्य असेल, पण लोहाच्या बाबतीत तो कॉफीहून अधिक नुकसान करतो. गोळी पाण्याबरोबर द्यावी. जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असू द्यावा, कारण त्यांतील क जीवनसत्त्वाने लोह शोषले जाण्यास साहाय्य होते. विदर्भात सिकल सेलचा आजारही आढळतो. म्हणून रक्त कमी आहे असे ऐकून कोणी परस्पर दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून देऊ नयेत. आधी रक्ततपासणी करावी.

गरोदरपणात आणखी एक काळजी असते. कॅफिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, आणि शेवटच्या महिन्यांत आईच्या शरीरातून ते निघून जाण्यास नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ चा सल्ला आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दीडशे मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसभरात चहा-कॉफीचे किती पेले होतात हे मोजले, तर आपण कोठे आहोत ते प्रत्येकीला घरच्या घरी कळेल.

आता सोडायची कशी, ते सांगतो. आपल्याकडे संकल्प सोडायचे ते पाण्यासारखे, एकदम. कॉफीच्या बाबतीत ते सोसत नाही. रोज चार कप घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर बारा ते चोवीस तासांत डोके ठणकू लागते, अंग जड होते, चिडचिड होते. हा त्रास दोन दिवस चढता राहतो आणि काहींना आठवडाभर पुरतो. दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाचे डोके दुखते तेव्हा नातेवाईक घाबरतात. पुष्कळदा कारण एवढेच असते की घरी मिळणारी कॉफी येथे मिळालेली नसते. यास्तव दर तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करावा. आधी संध्याकाळचा, मग दुपारचा, आणि सकाळचा सर्वांत शेवटी. ज्याला सकाळचा एक कप सोडवत नाही, त्याने तो न्याहारीच्या तासभर आधी घ्यावा. एवढ्यानेही बरेचसे काम होते.

राहिला प्रश्न पर्यायाचा. कॉफी सोडणाऱ्याला आठवण येते ती वाफेची, भाजल्या वासाची, कडवट चवीची आणि चार माणसांत बसण्याच्या निमित्ताची. यांपैकी कशासाठीही कॅफिन लागत नाही. भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा भाजण्यातून येतो, आणि भाजता तर आपल्या घरचे धान्यही येते.

हा विचार विदर्भाला नवा नाही. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना १९१३ साली आरोग्यावर जी लेखमाला लिहिली, तीत चहा-कॉफीऐवजी गव्हाची कॉफी करण्याची रीत दिली आहे. पुढे १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहावयास आले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यावर पुन्हा एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातही चहा, कॉफी आणि कोको यांची शरीराला गरज नाही, हे मत त्यांनी कायम ठेवले. त्यांच्या सर्व आहारविषयक प्रयोगांशी आपण सहमत असावे असे नाही, परंतु गव्हाच्या कॉफीची युक्ती स्वस्त, सोपी आणि निरुपद्रवी आहे.

तिची रीत अशी. निवडून पुसलेले गहू लोखंडी कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजावेत. दाणा गडद तांबूस-काळसर होऊन खमंग वास सुटला की उतरवावेत. कोळसा होऊ देऊ नयेत. गार झाल्यावर जाडसर दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. एक कप पाण्याला एक चमचा पूड घालून तीन-चार मिनिटे उकळावी, गाळावी, आणि हवे तर दूध घालावे. आपल्या मराठी घरांत कॉफीला जायफळ लागतेच, ते येथेही चिमूटभर किसून घालावे. पहिल्या दिवशी ही कॉफी नव्हे असे जीभ सांगते. आठ-दहा दिवसांनी जिभेची तक्रार थांबते. एक किलो गव्हात दीडशेहून अधिक कप होतात, एवढा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला आहे. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी हाच प्रयोग ज्वारीवर करावा. वऱ्हाडात ज्वारीला तोटा नाही. मधुमेहींनी मात्र साखर-गुळाचा मोह टाळावा, नाहीतर एक दार बंद करून दुसरे उघडल्यासारखे होईल.

बाजारात चिकोरी मिळते. ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी असून तिच्यात कॅफिन नसते. परंतु कॉफी-चिकोरीच्या मिश्रणाचे पाकीट घेतले तर त्यात निम्म्याहून अधिक कॉफीच असते, तेव्हा पाकिटावरील मजकूर वाचून घ्यावे.

याच संदर्भात तरोट्याविषयी बोलणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात आपल्याकडे तरोट्याची कोवळी पाने भाजीला खुडतात. कोकणात त्यालाच टाकळा म्हणतात. त्याचे बी भाजून कॉफीसारखे पेय करण्याची प्रथा आहे, आणि जपान-चीनमध्येही या कुळातील बियांचा काढा पितात. हे पेय रुग्णालयात का ठेवू नये, त्यातून जंगलात बी वेचणाऱ्यांना दोन पैसेही मिळतील, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली. सूचनेमागील भावना मोलाची आहे. तरीही डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आपण ती स्वीकारलेली नाही. त्याची कारणे दोन. तरोट्याचे बी सारक आहे, त्यामुळे गरोदर स्त्रिया आणि जुलाब होणारी मुले यांना ते देणे योग्य नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. तरोट्याचा एक भाऊबंद आहे, त्याला कासविंदा किंवा रानटाकळा म्हणतात. दोन्ही झुडपे रस्त्याच्या कडेला शेजारी शेजारी उगवतात, दोन्हींना पिवळी फुले येतात. पण कासविंद्याच्या शेंगा मुलांच्या पोटात गेल्या तर यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर विषारी परिणाम होतो. पश्चिम उत्तर प्रदेशातील बिजनौर भागात लहान मुलांना होणाऱ्या एका गूढ आजाराचा संबंध या शेंगांशी असल्याचे तेथील डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिले. ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ साली आदिवासी बालकांचे जे मृत्यू झाले, त्यांच्या चौकशीतही तज्ज्ञांनी याच वनस्पतीकडे बोट दाखवले.

मेळघाटातील प्रत्येक पालकाने हा फरक ओळखावा. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि त्यांचे टोक गोलसर असते. त्याची शेंग बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याच्या पर्णिका चार-पाच जोड्यांच्या व टोकदार असतात, आणि शेंग चपटी व बरीचशी सरळ असते. मुले खेळता खेळता शेंगा खातात, म्हणून घराच्या व शाळेच्या आसपासचा कासविंदा उपटून टाकावा. मुलाने अशा शेंगा खाल्ल्याचा संशय आला आणि त्याला उलट्या होऊ लागल्या, ते बरळू लागले, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये. कोणत्याही वेळी रुग्णालयात आणावे.

आता अखेरचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आमच्या परिचारिका रुग्ण मातांना विचारतात की, बाई, सकाळपासून काय खाल्ले? पुष्कळदा उत्तर येते की, चहा घेतला. दोन चहांमध्ये काय, तर काहीच नाही. कामावर जाणारी बाई भूक मारण्यासाठी गोड चहा घेते आणि घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेले जेवते. अशा बाईला चहा-कॉफी सोडा एवढे सांगून पाठवणे म्हणजे तिच्या हातातला एकमेव आधार काढून घेणे होय. कॉफीच्या जागी दुसरे पेय ठेवता येते. भुकेच्या जागी अन्नच ठेवावे लागते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. रुग्णांना जेवणाआधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी देऊ नये, आणि लोहाची गोळी परिचारिकेने पाण्याबरोबर समोर द्यावी. उपाहारगृहात चहा-कॉफीच्या शेजारी गव्हाची कॉफी ठेवावी, आणि ती चहाहून महाग नसावी. तिसरी गोष्ट देणगीदारांना उद्देशून आहे. तपासणीसाठी येणाऱ्या प्रत्येक गरोदर मातेला सकाळी शेंगदाणा-गुळाचा एक लाडू आणि लिंबाचे सरबत देता यावे, यासाठी स्वतंत्र निधी असावा. या निधीला सुरुवातीला मोठी रक्कम लागणार नाही, पण त्यात खंड पडता कामा नये. इमारतीवर देणगीदाराच्या नावाची फरशी बसते. लाडवावर नाव लिहिता येत नाही. तरीही आपण ते द्याल, असा मला विश्वास आहे.

रात्री रुग्णाजवळ जागणाऱ्या नातेवाइकांच्या कॉफीवर आम्ही कोणतेही बंधन घालणार नाही. एवढेच सांगणे की, पाळ्या लावून जागावे आणि दुसऱ्याला झोपू द्यावे. पहाटे परतवाड्याचा घाट उतरणाऱ्याने तर डोळे जड झाले की गाडी बाजूला लावून थोडा वेळ झोप घ्यावी. कॉफीने जाग येते, थकवा जात नाही.

 मेळाव्यानंतर अल्पोपाहाराची व्यवस्था केली आहे. तेथे चिखलदऱ्याची कॉफी आहे आणि गव्हाचीही आहे. आपापल्या प्रकृतीला विचारून निवड करावी, ही विनंती.